मुलाच्या ताब्याचा निर्णय न्यायालय कशावरून घेतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगी साडेसहा वर्षांची. दहा महिन्यांपूर्वी पत्नी तिला घेऊन दुसऱ्या शहरात माहेरी गेली. तुमचा पगार तिच्या दुपटीहून जास्त, फ्लॅट स्वतःचा, आई-वडील घरातच. पत्नी नोकरी करते, घरी यायला सात वाजतात, तोवर मुलगी आजीजवळ असते. ज्या वकिलांना तुम्ही भेटलात ते म्हणाले, "मुलगी आहे, आईकडेच राहणार, अर्ज करून काही उपयोग नाही." न्यायालय हे नेमकं कशावरून ठरवतं, मुलीला बोलावून विचारतात का आणि आता तुम्ही काय करावं, हे तुम्हाला हवं आहे.

वकिलांचं म्हणणं अर्धंच खरं आहे. आज तुमच्या प्रकरणात आईचं पारडं जड आहे हे खरं, पण ते मुलगी आहे म्हणून तितकं नाही, जितकं गेले दहा महिने ती आईजवळ आहे म्हणून आहे. अर्ज करून उपयोग नाही, हे मात्र साफ चूक. आणि एक गोष्ट सुरुवातीलाच सांगते, रागावू नका. तुम्ही लिहिलेल्या प्रश्नात पगार आहे, फ्लॅट आहे, खोल्या किती तेही आहे. मुलगी आजारी पडली की रात्री तिच्याजवळ कोण बसायचं, हे कुठेच नाही. न्यायाधीश नेमकं तेच शोधत असतात.

कायद्याचा पाया छोटा आहे, तो आधी सांगून टाकते. १८९० सालचा पालक आणि पाल्य अधिनियम आजही लागू आहे, आणि तो सगळ्या धर्मांच्या मुलांना लागू आहे. त्याच्या कलम १७ मध्ये न्यायालयाने काय पाहावं ते दिलं आहे: मुलाचं वय, लिंग आणि धर्म, पालक होऊ इच्छिणाऱ्याचं चारित्र्य आणि कुवत, नात्याची जवळीक, मुलाशी आजवर असलेले संबंध. मूल समजून-उमजून पसंती सांगण्याइतकं मोठं असेल तर तिचाही विचार करता येतो. हिंदूंसाठी याच्या जोडीला १९५६ चा अज्ञानत्व (म्हणजे वयाने सज्ञान नसणं) आणि पालकत्व अधिनियम आहे. त्याचं कलम ६ सांगतं की पाच वर्षं पूर्ण न झालेल्या मुलाचा ताबा सर्वसाधारणपणे आईकडे असावा. कलम १३ सांगतं की मुलाचं कल्याण सर्वांत वर, आणि ते साधत नसेल तर 'मी नैसर्गिक पालक आहे' हा हक्क कुणालाही सांगता येणार नाही. हनफी मुस्लिम कायद्यात हिजानतीची, म्हणजे लहान मुलाला आईने स्वतःजवळ ठेवण्याच्या हक्काची, वयं वेगळी आहेत, मुलासाठी सात वर्षं आणि मुलीसाठी ती वयात येईपर्यंत. पण तिथेही न्यायालय शेवटी कल्याणाच्याच कसोटीवर निर्णय घेतं. घटस्फोटाचा दावा चालू असेल तर त्याच दाव्यात हिंदू विवाह अधिनियमाच्या कलम २६ खाली ताब्याचा अर्ज करता येतो, विशेष विवाह कायद्याखालचं लग्न असेल तर कलम ३८ खाली.

पाच वर्षांच्या आतल्या मुलाबाबत आई अयोग्य आहे हे दाखवण्याचा भार वडिलांवर येतो. २०१५ मध्ये रोक्सॅन शर्मा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ते अगदी स्पष्ट केलं. तुमची मुलगी ते वय ओलांडून पुढे गेली आहे. म्हणजे आईला झुकतं माप देणारी कलम ६ मधली ती तरतूद आता तुमच्या मुलीला लागू होत नाही. व्यवहारात काय होतं, ते पुढे सांगते.

एवढं मात्र पक्कं धरा की या प्रकरणात तुम्ही आणि पत्नी हे दोन पक्षकार असलात तरी निर्णय तुमच्या दोघांच्या भांडणाचा होत नाही. मुलं ही आई-वडिलांची मालमत्ता नाहीत आणि खेळणीही नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७३ मध्ये रोझी जेकब प्रकरणात सांगितलं आणि त्यानंतरच्या जवळजवळ प्रत्येक निकालात त्याचा आधार घेतला जातो. तुमच्यावर अन्याय झाला असेल. पत्नी न सांगता निघून गेली असेल. त्याची भरपाई म्हणून मुलगी मिळत नाही. हे स्वीकारायला बहुतेक अशिलांना बराच वेळ लागतो, आणि तोवर शपथपत्राची निम्मी पानं जोडीदाराच्या तक्रारींनी भरलेली असतात. न्यायाधीश ती पानं उलटून पुढे जातात.

मग पाहतात काय? मुलाचा दिवस. सकाळी कोण उठवतं, डबा कोण भरतं, शाळेत कोण सोडतं, गृहपाठ कोण घेतं, पालकसभेच्या वहीत सही कुणाची, लसीकरणाला सोबत कोण गेलं, डॉक्टरांच्या फाइलमध्ये कुणाचा नंबर. हे सगळं फार साधं वाटतं, म्हणून लोक ते मांडत नाहीत. पण 'मुलाशी आजवर असलेले संबंध' म्हणून कायदा जे म्हणतो ते सिद्ध करायला याहून चांगला पुरावा नाही.

एका प्रकरणात मी आईच्या बाजूने उभी होते. मुलाला दमा होता. वडील शिफ्टमध्ये काम करणारे, घरी कमी असणारे, त्यामुळे माझ्या अशिलाची खात्री होती की त्यांना मुलातलं काही माहीत नाही. उलटतपासणीत मी विचारलं, मुलाला कोणतं औषध चालू आहे? त्यांनी दोन पंपांची नावं सांगितली. रोजचा कोणता आणि धाप लागल्यावरचा कोणता ते सांगितलं. स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची नळी, लावून किती श्वास मोजायचे ते सांगितलं. मग स्वतःहून म्हणाले, "रोजचा पंप मारल्यावर चूळ भरायला लावायची, नाहीतर त्याचं तोंड येतं." मी पुढचे तीन प्रश्न सोडून दिले. ताबा आईकडेच राहिला, कारण मुलगा तिच्याजवळ स्थिर होता. पण त्या एका उत्तरानंतर माझ्या अशिलाचाही सूर बदलला, आणि वडिलांना मुक्कामासह दर दुसरा शनिवार-रविवार आणि निम्मी सुट्टी संमतीने मिळाली. पगाराची स्लिप दाखवून हे झालं नसतं.

पैशाचं महत्त्व शून्य आहे असं मी म्हणत नाही. मुलाला नीट राहायला जागा, शाळा, औषधपाणी मिळेल का हे पाहिलं जातंच. पण एवढी पातळी दोघांकडे असली की त्यापुढचा प्रत्येक रुपया जवळजवळ निरुपयोगी ठरतो, कारण जास्त कमावणाऱ्याने पोटगी द्यावी आणि मुलाने जिथे आहे तिथे राहावं, हा मार्ग न्यायालयाला नेहमी मोकळा असतो. म्हणून 'माझा पगार दुप्पट' हा मुद्दा जोरात मांडाल तर बहुधा पोटगीचा आकडा वाढेल, ताबा मिळणार नाही.

पत्नी सातला घरी येते, हाही मुद्दा तुम्हाला वाटतो तितका कामाचा नाही. नोकरी करणारी आई ही न्यायालयासाठी कमी दर्जाची आई नसते. तुम्हीसुद्धा नोकरी करता, आणि तुमच्या घरीही मुलीला तुमच्या आईच सांभाळणार आहेत. मग प्रश्न उरतो तो एवढाच, की दोन्ही आज्यांपैकी मुलीला सध्या कुणाची सवय आहे. आजी-आजोबांचा आधार ही जमेची बाजू आहे, ती जरूर लिहा. पण ती पालकाच्या जागी उभी करू नका. आजी-आजोबांच्या हाती खुद्द ताबाच जावा, अशी प्रकरणं वेगळी असतात. २००८ च्या नील रतन कुंडू प्रकरणात आईचा मृत्यू झाला होता आणि त्यावरूनच वडिलांवर खटला चालू होता. सर्वोच्च न्यायालयाने मुलाला आईच्या आई-वडिलांकडेच राहू दिलं. केवळ 'वडील नैसर्गिक पालक' एवढ्यावर खालच्या न्यायालयांनी निर्णय दिला होता, तो चुकीचा ठरवला. उलट २०१९ मध्ये तेजस्विनी गौड प्रकरणात आई आजाराने गेली, मूल तिच्या नातेवाइकांजवळ वाढत होतं, वडिलांवर ठपका ठेवावा असं काही नव्हतं; तिथे मूल वडिलांकडे गेलं. दोन्हीकडे कसोटी तीच होती, मुलांची परिस्थिती वेगळी होती.

आता दहा महिन्यांकडे येते, कारण तुमच्या प्रकरणातली सगळ्यात नाजूक जागा तीच आहे. मूल जिथे रुळलं आहे तिथून त्याला हलवायला कोणतंही न्यायालय कचरतं. नवी शाळा, नव्या मैत्रिणी, नवे शिक्षक, हे एकदा बसलं की मोडायला ठोस कारण लागतं. प्रत्येक महिन्यागणिक हे कारण आणखी मोठं असावं लागतं. कायद्यात अंतरिम ताब्याची आणि अंतरिम भेटीची तरतूद याचसाठी आहे, आणि मूळ अर्जाचा निकाल लागायला वर्षं जातात तेव्हा प्रत्यक्षात अंतरिम आदेशच मुलाचं आयुष्य ठरवतो. तुम्ही समेटाची वाट पाहत थांबलात हे समजण्यासारखं आहे. पण समेटाची बोलणी आणि भेटीचा अर्ज एकाच वेळी चालू शकतात. अर्ज केला म्हणून संसार मोडला असं होत नाही. कौटुंबिक न्यायालयाचं तर पहिलं कामच समेटाचा प्रयत्न करणं हे आहे.

हा काळाचा नियम आंधळा मात्र नाही. एका पालकाने मूल अडवून ठेवलं, दुसऱ्याला भेटू दिलं नाही आणि मग 'आता ते माझ्याजवळच रुळलंय' असं म्हटलं, तर न्यायालय त्याला त्याच्या चुकीचा फायदा घेऊ देतंच असं नाही. गौरव नागपाल प्रकरणात वडिलांनी न्यायालयाचे आदेश डावलून मुलाला स्वतःकडे ठेवलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने ताबा आईला दिला. २०१७ च्या विवेक सिंह प्रकरणात अगदी लहान असल्यापासून वडिलांकडे वाढलेल्या मुलीने वडिलांजवळच राहायचं म्हटलं होतं. तरी आईबरोबर राहणं काय असतं हे तिला कधी अनुभवताच आलं नाही, हे लक्षात घेऊन न्यायालयाने तिला आईकडे पाठवलं.

म्हणूनच कळकळीने सांगते: शाळेबाहेरून मुलीला परस्पर उचलून आणण्याचा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईल, बहुधा घरातलंच कुणीतरी. ते करू नका. मुलीच्या मनात त्या दिवसाची भीती वर्षानुवर्षं राहते आणि तुमचं प्रकरण त्या दिवशीच निम्मं हरलेलं असतं.

अर्ज कुठे करायचा? मूल सर्वसाधारणपणे जिथे राहतं त्या ठिकाणच्या न्यायालयात, असं १८९० च्या कायद्याचं कलम ९ सांगतं. दहा महिने मुलगी तिथल्या शाळेत जाते आहे, तेव्हा बहुधा पत्नीच्या शहरातलं कौटुंबिक न्यायालय, आणि तिथे ते नसेल तर जिल्हा न्यायालय. तुमच्या शहरात अर्ज करून अधिकारक्षेत्राच्या वादात सहा महिने घालवण्यापेक्षा तिथे जा. प्रवासाचा त्रास तुमचा होईल, मुलीचा नाही, आणि हेही न्यायालयाच्या लक्षात येतं.

मुलीला विचारतात का? हो, पण तुम्ही मनात आणलं असेल तसं नाही. साक्षीदाराच्या पिंजऱ्यात कुणी मुलाला उभं करत नाही. कौटुंबिक न्यायालयात समुपदेशक असतात, १९८४ च्या कायद्यात तज्ज्ञांची मदत घेण्याची सोय आहे, आणि सुनावणी बंद खोलीत घेता येते. साडेसहा वर्षांच्या मुलीशी आधी समुपदेशक बोलतील, बहुधा एकापेक्षा जास्त वेळा, आई आणि वडील दोघांनाही बाहेर बसवून. पुढे गरज वाटली तर न्यायाधीश स्वतःच्या दालनात पाच-दहा मिनिटं गप्पा मारतील.

चांगले समुपदेशक 'तुला आई हवी की बाबा?' असं कधीच विचारत नाहीत. ते विचारतात, काल संध्याकाळी काय केलंस? रात्री भीती वाटली तर कुणाला उठवतेस? शाळेत चित्र छान आलं तर आधी कुणाला दाखवतेस? खोलीत बुटकं टेबल असतं, खडू असतात, खेळणी असतात. मूल चित्र काढता काढता बोलतं. कुठल्या प्रश्नावर खडू थांबतो, बाबांचं नाव निघालं की दरवाजाकडे पाहतं का, भेटीच्या वेळी धावत जातं की आईच्या ओढणीला धरून राहतं, हे सगळं अहवालात येतं. आणि पढवलेलं मूल लगेच कळतं. सात वर्षांच्या एका मुलाने समुपदेशकांना सांगितलं होतं, "पप्पांनी मम्मीला मानसिक छळ दिला." त्याला विचारलं, म्हणजे काय केलं? तो गप्प. मग म्हणाला, "ते मम्मीला विचारा." पढवण्याचा परिणाम पढवणाऱ्यावरच उलटला. समुपदेशकाचा हा अहवाल न्यायालयापुढे येऊ शकतो; समेटाच्या बोलण्यांना जी गुप्तता असते ती ताब्याच्या प्रकरणात मुलाविषयीच्या अहवालाला तशीच्या तशी लागू नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केलं आहे. तेव्हा त्या खोलीत मुलगी जे बोलेल ते तिचं स्वतःचं असू द्या.

वयाची ठरलेली रेषा कायद्यात नाही. नऊ-दहा वर्षांच्या पुढे मुलाच्या म्हणण्याला चांगलं वजन येतं, बारा-तेराव्या वर्षी ते डावलायला कारण द्यावं लागतं, असा माझा अनुभव. शीला दास प्रकरणात २००६ मध्ये वाढत्या वयाच्या मुलीने वडिलांजवळ राहायचं ठामपणे सांगितलं आणि सर्वोच्च न्यायालयाने ते मानलं, आई सुशिक्षित, सक्षम असतानाही. म्हणजे 'मुलगी आहे, आईकडेच जाणार' हा नियम नाही, हे तुमच्या वकिलांना नम्रपणे सांगता येईल. पण साडेसहाव्या वर्षी तुमच्या मुलीची पसंती हा निर्णायक मुद्दा नसेल. तिची सवय, तिची झोप, तिची भीती हे मुद्दे असतील.

यानंतरचा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि अशिलांना तो सगळ्यात उशिरा पटतो. दोघांपैकी कोण दुसऱ्या पालकाला मुलाच्या आयुष्यात राहू देईल? भारताने डिसेंबर १९९२ मध्ये बालहक्कांचा आंतरराष्ट्रीय करार स्वीकारला. त्यात आई-वडील वेगळे झाले तरी दोघांशीही नियमित संबंध ठेवणं हा मुलाचा हक्क मानला आहे, ते त्याच्या हिताविरुद्ध नसेल तोवर. यशिता साहू प्रकरणात २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलं: एकाकडे ताबा दिला तरी दुसऱ्याला पुरेशी भेट मिळालीच पाहिजे, त्याचा तपशील आदेशात लिहिला पाहिजे, आणि अंतर जास्त असेल तर फोन आणि व्हिडिओ कॉलनेही संपर्क राहिला पाहिजे. त्यामुळे ताबा मागताना 'ताबा मला मिळाला तर आईला मी असं असं भेटू देईन' हे ज्याच्या अर्जात लिहिलेलं असतं, त्याच्याकडे न्यायाधीश वेगळ्या नजरेने पाहतात. 'आईचा मुलीवर वाईट परिणाम होतो, तिला भेटूच देऊ नये' असं लिहिणाऱ्याकडेही वेगळ्या नजरेने पाहतात, पण उलट दिशेने.

पत्नी मुलीचे कान भरते आहे, असं तुम्ही लिहिलंय. तसं होत असेल तर नेमके प्रसंग लिहा: कोणत्या तारखेला ठरलेला फोन लागला नाही, वाढदिवसाला पाठवलेलं पार्सल परत आलं, शाळेच्या अर्जावर वडिलांच्या नावाची जागा रिकामी ठेवली. फक्त मोठं मानसशास्त्रीय नाव लावून भागत नाही. २०२४ मध्ये कर्नल रमणीश पाल सिंह प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने बजावलं की पालकदुराव्याचा, म्हणजे एका पालकाने मुलाचं मन दुसऱ्याविरुद्ध वळवल्याचा, शिक्का घाईने मारू नये, आधी तसं वागणं दाखवणारे ठोस प्रसंग शोधावेत. मला हा निकाल फार योग्य वाटतो. मुलं कधीकधी एखाद्या पालकापासून स्वतःच्या अनुभवामुळेही दूर जातात.

इथे एक अपवाद ठळकपणे सांगायलाच हवा. घरात मारहाण झाली असेल, दारूच्या नशेत धिंगाणा झाला असेल, मुलाने ते पाहिलं असेल, तर 'दोघांचाही सहवास' हे तत्त्व मागे पडतं. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम २१ खाली दंडाधिकारी पीडित स्त्रीला मुलाचा तात्पुरता ताबा देऊ शकतात, आणि धोका असेल तर भेट नाकारूही शकतात. मारहाण आईला झाली, मुलाला हातही लावला नाही, हा बचाव तोकडा आहे. आईला मार खाताना पाहणारं मूल सुरक्षित असतं असं मी मानत नाही, आणि न्यायालयंही आता तसं मानायला तयार नसतात. तुमच्या बाबतीत अशी तक्रार नाही असं तुम्ही म्हणता. असेल तर वकिलांपासून लपवू नका, कारण ती पुढे येतेच.

चारित्र्याच्या आरोपांबद्दल थोडक्यात. पत्नीचे कुणाशी संबंध आहेत असं तुम्हाला वाटतं, ते तुम्ही अर्जात घालू इच्छिता. घटस्फोटासाठी त्याचा उपयोग असू शकतो. ताब्यासाठी, त्याचा मुलीवर प्रत्यक्ष परिणाम दाखवता येत नसेल तर, नाही. वाईट पत्नी म्हणजे वाईट आई नव्हे, या अर्थाचं मत मुंबई उच्च न्यायालयानेही २०२४ मध्ये मांडलं आहे. शिवाय हे कागद उद्या मुलगी मोठी झाल्यावर वाचू शकते. मी माझ्या अशिलांना हे नेहमी विचारते: अठरा वर्षांची झाल्यावर तिने हे पान वाचलेलं तुम्हाला चालेल का? बरीचशी पानं तिथेच गळतात, आणि अर्ज सुधारतो.

निकाल म्हणजे एकाला सगळं आणि दुसऱ्याला काही नाही, अशी तुमची कल्पना दिसते. आदेश तसे क्वचितच असतात. मुलगी एकाकडे राहते, आणि दुसऱ्याला शनिवार-रविवार, सणांची वाटणी, दिवाळी आणि उन्हाळ्याची निम्मी सुट्टी, आठवड्यातले ठरलेले कॉल, शाळेच्या कार्यक्रमांना हजर राहण्याची मुभा मिळते. दुरावा खूप असेल तर सुरुवातीला न्यायालयाच्या मुलांसाठीच्या खोलीत दोन तास, मग दिवसभर, मग मुक्काम, असं टप्प्याटप्प्याने वाढवलं जातं. विधी आयोगाने मे २०१५ मध्ये आपल्या २५७ व्या अहवालात संयुक्त ताब्याची तरतूद कायद्यात आणावी असं सुचवलं होतं. कायदा अजून तसा बदललेला नाही, पण दोन्ही बाजूंनी मिळून पालकत्वाचा आराखडा लिहून दिला तर न्यायालयं तो आनंदाने मान्य करतात. दोन वेगळ्या शहरांत मात्र आठवडा-आठवडा वाटून घेण्याचा हट्ट धरू नका. शाळकरी मुलीला ते झेपत नाही.

आणि ताब्याचा कुठलाही आदेश कायमचा नसतो. मुलाची गरज बदलली की तो बदलून मागता येतो, अगदी संमतीने झालेला असला तरी. २०१० च्या विक्रम वीर वोहरा प्रकरणात आईला नोकरीसाठी ऑस्ट्रेलियाला जायचं होतं. संमतीच्या जुन्या अटी बदलून न्यायालयाने तिला मुलाला घेऊन जाऊ दिलं आणि वडिलांच्या भेटीची वेगळी व्यवस्था लावली. मात्र बदल मागताना 'मला आता पटत नाही' पुरत नाही. मुलाच्या आयुष्यात काय बदललं आणि नव्या व्यवस्थेने त्याचं काय भलं होईल, ते दाखवावं लागतं.

तेव्हा तुमच्या जागी मी काय करेन? संपूर्ण ताब्याचा अर्ज करेन, पण पहिला जोर अंतरिम भेटीवर लावेन, आणि तो अर्ज महिन्याभरात दाखल करेन. दहा महिन्यांत तुम्ही मुलीला किती वेळा भेटलात, किती वेळा भेटायचा प्रयत्न केलात, त्याचे मेसेज तारखेनुसार लावा. त्यात तुमचे रागाने पाठवलेले मेसेजही असतील. ते वगळू नका, दुसरी बाजू ते आणणारच आहे. माहेरी जाण्याआधीच्या काळात तुम्ही मुलीसाठी रोज काय करत होतात ते लिहा. शाळेत सोडणं तुमच्याकडे असेल तर तसं, रविवारी पोहायला नेत असाल तर तसं. करत नसाल तर करत होतो असं लिहू नका, कारण उलटतपासणीत दोन प्रश्नांत ते उघडं पडतं. त्याऐवजी पुढे काय करणार आणि त्यासाठी कामाच्या वेळेत काय बदल केलाय ते लिहा, जमलं तर कार्यालयाच्या पत्रासह.

भेटीची मागणी मोघम ठेवू नका. 'वाजवी भेट द्यावी' असा आदेश मिळाला तर पुढची दोन वर्षं वाजवी म्हणजे काय यावर भांडण्यात जातील. दिवस, वेळ, ठिकाण, मुलीला कोण आणेल, कोण परत सोडेल, ती आजारी असेल तर बदली दिवस कोणता, परीक्षेच्या आठवड्यात काय, आठवड्यात किती कॉल आणि किती वाजता, हे सगळं अर्जातच लिहून मागा. सुरुवातीला तिच्याच शहरात, तिला ओळखीच्या जागी भेटायची तयारी दाखवा.

दरम्यान तिचा खर्च थांबवू नका. पत्नी भेटू देत नाही म्हणून फी बंद केली, हे मी अनेक फाइलींत वाचलं आहे, आणि प्रत्येक वेळी ते वडिलांच्या विरोधात गेलं आहे. पोटगी आणि भेट यांचा कायद्यात एकमेकांशी सौदा नाही. या सत्राची फी उद्याच शाळेच्या खात्यात भरा, पावती फाइलला लावा, आणि पत्नीला एका ओळीचा मेसेज करा की फी भरली आहे. त्या मेसेजमध्ये दुसरं काहीही लिहू नका.